ई.आर.सी.पी. : आधी काय विचारावे, नंतर काय पाहावे

(गतवर्षीच्या गणेशोत्सवात सायंकाळच्या आरतीनंतर झालेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी उत्सवात एक संध्याकाळ आपण आरोग्यावरच्या व्याख्यानाला देतो. मधुमेह झाला, रक्तदाब झाला, गुडघेदुखी झाली. यंदा समितीने मला उभे केले आहे. मी डॉक्टर नाही, हे आपण सर्व जाणताच. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि वीसेक वर्षे डब्यांच्या दुरुस्तीत गेली. मग पित्तनलिकेच्या दुर्बिणीवर मी काय बोलणार, असे कुणालाही वाटेल.

कारण असे, की गेल्या दोन वर्षांत आमच्या घरातील एक आणि आमच्या सेक्शनमधील एक अशा दोन माणसांवर हा उपचार झाला. दोघांनाही नंतर त्रास झाला. दोघेही आज ठणठणीत आहेत. पण त्या निमित्ताने मला वाचावे लागले, डॉक्टरांना विचारावे लागले. आणि लक्षात आले, की ज्या गोष्टी घरच्या माणसाला ठाऊक असल्या तर जीव वाचतो, त्या फार थोड्या आहेत आणि समजायला सोप्या आहेत. आपल्या मंडळाच्या डॉक्टर सभासदांनी हा मजकूर वाचून तपासला आहे. कोणते औषध घ्यावे हे मी सांगणार नाही. काय विचारावे आणि काय पाहावे, एवढेच सांगणार आहे.

हा विषय आपल्याला इथे लखनौत अधिक जवळचा आहे. पित्ताशयाचे खडे उत्तर भारतात, त्यातही गंगेच्या मैदानी पट्ट्यात, दक्षिणेपेक्षा बरेच जास्त आढळतात. आपण कुणी साताऱ्याहून, कुणी अकोल्याहून इथे आलो. आता आपल्या प्रत्येक कॉलनीत पित्ताशय काढलेली दोन-चार माणसे सापडतात.

आधी रचना समजून घेऊ. यकृतात पित्त तयार होते. ते पित्ताशयात साठते आणि एका नळीतून लहान आतड्याच्या पहिल्या भागात उतरते. ही पित्तनलिका. शेजारून स्वादुपिंडाची नळी येते. ह्या दोन्ही नळ्या आतड्यात उघडण्याच्या जरा आधी एकत्र येतात. तोंडाशी गोल स्नायूची एक झडप असते. रेल्वेवाल्यांना सांगायचे तर दोन लाईनी येऊन मिळणारे हे जंक्शन आहे, आणि स्टेशनात शिरायला वाट एकच. पित्ताशयातला एखादा खडा सरकून ह्या वाटेत अडकला, की मागचे सगळे तुंबते. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, पोटात कळा येतात. तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले, की थंडी वाजून ताप भरतो.

अडकलेला खडा पोट न उघडता काढण्याच्या उपचाराला ई.आर.सी.पी. म्हणतात. पूर्ण नाव 'एंडोस्कोपिक रेट्रोग्रेड कोलँजिओपँक्रिएटोग्राफी'. हे पाठ करायची गरज नाही. रुग्णाला गुंगीचे औषध किंवा भूल देऊन तोंडावाटे दुर्बीण आतड्यापर्यंत नेतात. नेहमीची दुर्बीण समोर पाहते, ही बाजूला पाहते, कारण त्या जंक्शनचे तोंड आतड्याच्या बाजूच्या भिंतीवर असते. दुर्बिणीतून एक मिलिमीटरपेक्षाही बारीक तार नळीत घालतात, रंगद्रव्य सोडून एक्स-रेवर पाहतात, विजेच्या तारेने झडपेला छोटा छेद देतात आणि फुग्याने किंवा जाळीने खडा ओढून काढतात. वाट अरुंद असेल तर आत एक लहान नळी ठेवतात. तिला स्टेंट म्हणतात.

ह्या तंत्राचे वय फार नाही. १९६८ मध्ये अमेरिकेत मॅकून यांनी दुर्बिणीतून ह्या नळ्यांत शिरता येते, हे प्रथम प्रसिद्ध केले. पुढे जपानी डॉक्टरांनी पद्धत पक्की केली. १९७४ मध्ये जर्मनीतून क्लासेन व डेमलिंग यांनी आणि जपानमधून कावाई यांनी झडपेला छेद देऊन खडे काढण्याचे अनुभव मांडले. आपल्या देशात हैदराबादचे डॉ. नागेश्वर रेड्डी यांचे ह्या क्षेत्रातले काम सर्वश्रुत आहे. त्यांना २०२५ मध्ये पद्मविभूषण मिळाले.

आता मुद्द्यावर येतो. हा उपचार किती धोक्याचा?

पहिली गोष्ट, गरज असताना तो जीव वाचवतो. पित्तनलिकेत गंभीर जंतुसंसर्ग झालेल्या ८२ रुग्णांचा एक अभ्यास हाँगकाँगच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. निम्म्यांची नळी दुर्बिणीने मोकळी केली, निम्म्यांचे ऑपरेशन केले. ऑपरेशन केलेल्या ४१ पैकी १३ दगावले. दुर्बिणीने उपचार केलेल्या ४१ पैकी ४. तेव्हा थंडी-ताप, कावीळ आणि पोटदुखी एकत्र आली आणि डॉक्टर म्हणाले की आज रात्रीच करावे लागेल, तर माझे भाषण आठवून 'जरा थांबू या' असे कुणी म्हणू नये. तिथे थांबणे हाच धोका आहे.

दुसरी गोष्ट, हा उपचार साध्या दुर्बिणीच्या तपासणीसारखा नाही. आपल्याकडे सगळ्यालाच 'दुर्बीण घातली' म्हणतात. जठराची तपासणी करून माणूस दुपारी घरी येऊन वरण-भात खातो. ई.आर.सी.पी.मध्ये तसे गृहीत धरू नये.

त्रास मुख्यतः चार प्रकारचे होतात. सर्वांत अधिक आढळतो तो स्वादुपिंडाचा दाह. शंभरातल्या साधारण तीन ते दहा रुग्णांना तो होतो, आणि काही विशिष्ट रुग्णांत त्याहूनही अधिक. बहुतेकांचा दाह सौम्य असतो, दोन-चार दिवस सलाईनवर राहून बरा होतो. थोड्यांचा मात्र गंभीर होतो आणि त्यात प्राणही जाऊ शकतात. दुसरा त्रास रक्तस्रावाचा, शंभरात एक-दोघांना. छेद दिलेल्या जागेतून हा कधी लगेच, तर कधी काही दिवसांनीही होतो. तिसरा जंतुसंसर्ग. चौथा म्हणजे आतड्याला किंवा नळीला छिद्र पडणे. हे शंभरात एकाहून कमी वेळा घडते, पण घडले तर मोठे संकट असते. वयस्कर आणि हृदय-फुप्फुसाचे दुखणे असलेल्यांत भुलीचा त्रासही लक्षात घ्यावा लागतो.

दुर्बीण पित्तनलिकेसाठी घातली असताना स्वादुपिंड का सुजते? आपले जंक्शन आठवा. डॉक्टरांना तार पित्ताच्या लाईनीत न्यायची असते, पण तोंड एकच असल्याने ती वारंवार स्वादुपिंडाच्या लाईनीत शिरू शकते. पुन्हा पुन्हा प्रयत्न करावे लागले, रंगद्रव्य तिकडे गेले, की स्वादुपिंडाला ते सोसत नाही. तरुण स्त्रिया, आधी स्वादुपिंडाचा दाह होऊन गेलेले, आणि ज्यांच्या नळीत शिरणे कठीण गेले असे रुग्ण, यांना धोका अधिक.

१९९६ मध्ये अमेरिका व कॅनडातील सतरा ठिकाणच्या २,३४७ रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या सर्वांच्या झडपेला छेद दिलेला होता. शंभरात जवळजवळ दहा जणांना काही ना काही त्रास झाला. खरी शिकवण पुढे आहे. पित्ताशय काढण्याच्या सुमारास नळीतले खडे काढले, त्यांच्यात हे प्रमाण शंभरात पाचच्या आसपास होते. उलट, खडा नसताना केवळ झडप नीट उघडत नसावी ह्या संशयावरून छेद दिला, त्यांच्यात ते शंभरात एकवीसहून जास्त निघाले. म्हणजे ज्याला सर्वांत कमी गरज, त्यालाच सर्वांत जास्त त्रास! आठवड्याला एकाहून अधिक वेळा हे काम करणाऱ्या डॉक्टरांच्या रुग्णांत त्रास कमी होता, हेही त्यात दिसले.

त्या संशयाचे पुढे काय झाले तेही ऐका. पित्ताशय काढल्यावरही पोट दुखते, पण रक्ताच्या चाचण्या आणि नळी ठीक आहेत, अशा २१४ रुग्णांचा अभ्यास २०१४ मध्ये आला. काहींना खरा छेद दिला, काहींना दिलाच नाही, आणि कोणाला काय केले हे रुग्णांना कळू दिले नाही. छेद न देताच शंभरात ३७ जणांना बरे वाटले. छेद दिलेल्यांत २३. तेव्हा अशा दुखण्यासाठी कुणी हा उपचार सुचवला, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत अवश्य घ्यावे.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा : 'डॉक्टर, हे निदानासाठी आहे की उपचारासाठी?' पूर्वी नळीत खडा आहे की नाही, हे पाहण्यासाठीसुद्धा ई.आर.सी.पी. करीत. आता एम.आर.सी.पी. म्हणजे एम.आर.आय. यंत्रावर नळ्यांचे चित्र मिळते. त्यात दुर्बीण नाही, छेद नाही. एंडोस्कोपिक सोनोग्राफीही आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००२ मध्ये भरवलेल्या तज्ज्ञ परिषदेने सांगितले, की अनावश्यक ई.आर.सी.पी. टाळणे हाच त्रास टाळण्याचा सर्वोत्तम मार्ग. आपल्या कामातही चाक काढण्याआधी अल्ट्रासॉनिक तपासणी करतो, तसेच हे आहे.

दुसरा प्रश्न : 'इथे हे काम नियमित होते का?' हा विचारताना आपल्याला संकोच वाटतो. डॉक्टरांना राग येईल असे वाटते. नम्रपणे विचारले तर चांगला डॉक्टर रागावत नाही.

तिसरा प्रश्न : 'स्वादुपिंडाचा दाह होऊ नये म्हणून आपण काय करता?' याला आज ठोस उत्तरे आहेत. इंडोमेथॅसिन किंवा डायक्लोफेनॅक ह्या औषधाची गोळी गुदद्वारातून देतात. २०१२ मध्ये अधिक धोका असलेल्या ६०२ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात ही गोळी न मिळालेल्यांत शंभरात सुमारे १७ जणांना दाह झाला, मिळालेल्यांत सुमारे ९ जणांना. औषध जुने आहे आणि स्वस्त आहे. गरज पडल्यास स्वादुपिंडाच्या नळीत काही दिवसांसाठी बारीक स्टेंट ठेवतात, भरपूर सलाईन देतात. ह्या औषधांची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर ते आधी सांगितले पाहिजे.

आपल्याकडून सांगायच्या गोष्टीही आहेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आठवणीने सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट असलेल्याने गोळी अचानक सोडणे घातक ठरू शकते. मधुमेहाची औषधे, पेसमेकर, गरोदरपण, आधीची ॲलर्जी, सारे सांगा. उपाशी राहायला सांगितले तर खरोखर उपाशी राहा. 'प्रसादाचा एक मोदक तर खाल्ला' हेही चालत नाही. पोटात अन्न असताना भूल दिली तर ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

चौथी बाब दुर्बिणीच्या स्वच्छतेची. ह्या दुर्बिणीच्या टोकाशी तार वळवण्यासाठी एक छोटी हलणारी पट्टी असते. तिच्या मागच्या सांदीत घाण राहिली तर नेहमीच्या धुण्याने निघत नाही. २०१५ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका नामांकित रुग्णालयात ह्याच मार्गाने औषधांना न जुमानणारे जंतू रुग्णांत पसरले. त्यानंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारे दिले आणि २०१९ मध्ये टोकाचा भाग बदलता येणाऱ्या दुर्बिणींकडे वळण्याची शिफारस केली. धूळ सांदीतच बसते, हे आपल्या फिटर मंडळींना सांगायला नको. रुग्णाने दुर्बीण तपासायची नसते, पण 'धुण्याची व्यवस्था कशी आहे' एवढे विचारायला हरकत नाही.

आता नंतरचे चोवीस तास. आमच्या मोठ्या वहिनी भुसावळला असतात. त्यांच्या नळीतला खडा सकाळी व्यवस्थित निघाला. संध्याकाळी पोटाच्या वरच्या भागात दुखू लागले आणि दुखणे पाठीत जाऊ लागले. वॉर्डात कुणी म्हणाले, दुर्बिणीने हवा भरते, गॅस आहे, घरी जाऊन ओवा खा. डिस्चार्जचा कागदही तयार होता. पुतणी मात्र हटून बसली, डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय नेणार नाही म्हणाली. डॉक्टर आले, रक्तातले अमायलेज तपासले, ते कितीतरी पट वाढलेले निघाले. वहिनी आठ दिवस राहिल्या. घरी नेले असते तर ते आठ दिवस कसे गेले असते, कुणी सांगावे? पोट फुगल्यासारखे वाटणे होऊ शकते. पण वाढत जाणारे, पाठीत जाणारे दुखणे आणि उलट्या, याला गॅस म्हणायचे नाही. ओवा नको, हिंग नको, मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळीही नको. थेट डॉक्टर.

घरी आल्यावरही पंधरा दिवस लक्ष ठेवायचे. काळी, डांबरासारखी शौचाला झाली, रक्ताची उलटी झाली, चक्कर आली, थंडी वाजून ताप आला, डोळे पुन्हा पिवळे झाले, तर ओ.पी.डी.च्या वाराची वाट पाहू नये. तातडीने न्यावे. नळीतला खडा निघाला तरी पित्ताशय आत आहे आणि त्यात खडे असतील, तर ते पुन्हा उतरू शकतात. पित्ताशय कधी काढायचे, याची तारीख शक्यतो त्याच वेळी ठरवून घ्यावी.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, कारण तो आपल्यासारख्या बदलीच्या नोकरीतल्या माणसांचा आहे. प्लॅस्टिकचा स्टेंट जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचा असतो. पित्ताचा गाळ बसून तो हळूहळू बुजतो. म्हणून साधारण तीन महिन्यांत तो काढतात किंवा बदलतात. रुग्णाला मात्र आत काही आहे हे जाणवतही नाही. कावीळ उतरलेली असते, भूक लागलेली असते, माणूस कामावर रुजू झालेला असतो. आणि स्टेंट विसरला जातो.

आमच्या सेक्शनमधल्या सहकाऱ्याचे असेच झाले. आधीच्या नोकरीच्या गावी स्टेंट बसवला, दोन महिन्यांत बदली होऊन ते इकडे आले. फाईल तिकडच्या रुग्णालयात राहिली. डिस्चार्जच्या कागदावर इंग्रजीत, घाईच्या अक्षरात एक ओळ होती, बारा आठवड्यांनी स्टेंट काढणे. ती त्यांना कुणी वाचून दाखवली नव्हती. अकराव्या महिन्यात नाईट ड्युटीवर त्यांना हुडहुडी भरली. सगळ्यांना मलेरिया वाटला. सकाळी डोळे पिवळे दिसले तेव्हा आम्ही रेल्वे हॉस्पिटलात नेले आणि तिथून मोठ्या ठिकाणी पाठवले. स्टेंट पूर्ण बुजला होता, त्याच्याभोवती खडे जमले होते. चार दिवस आय.सी.यू., दोनदा दुर्बीण, तेव्हा माणूस हाती लागला. घरी दोन शाळकरी मुली आहेत त्यांच्या.

मंडळी, आपल्या प्रत्येक डब्यावर रंगाने रिटर्न डेट लिहिलेली असते. डबा देशाच्या कुठल्याही टोकाला असो, ती तारीख जवळ आली की तो कारखान्यात परत पाठवायचा. कुणाच्या आठवणीवर आपण ते सोडत नाही, कारण माणसे बदलतात आणि डबे फिरतात. मग आपल्याच माणसाच्या पोटातल्या स्टेंटची रिटर्न डेट कागदाच्या कोपऱ्यात का राहावी?

म्हणून माझी समितीला एक विनंती आहे. स्मरणिकेत एक छोटी चौकट छापावी. कापून पाकिटात, मेडिकल कार्डाशेजारी ठेवता येईल अशी. त्यात एवढेच असावे : रुग्णाचे नाव, उपचाराची तारीख, स्टेंट बसवला की नाही, प्लॅस्टिकचा की धातूचा, पित्तनलिकेत की स्वादुपिंडाच्या नळीत, काढण्याची तारीख आणि रुग्णालयाचा फोन. डिस्चार्ज घेताना ही चौकट डॉक्टरांसमोर धरावी आणि त्यांच्याकडूनच भरून घ्यावी. तीच तारीख घरच्या कालनिर्णयावर लाल पेनाने लिहावी आणि घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये टाकावी. बदलीची ऑर्डर आली, की सामानाच्या यादीत सर्वांत वर ती फाईल असावी.

परमुलखात आपल्याला सख्खे नातेवाईक थोडे. रात्री-अपरात्री धावून येतो तो शेजारचा, सेक्शनमधला, मंडळातला माणूस. त्या माणसाला एवढे ठाऊक असले, की गॅस कशाला म्हणायचे नाही आणि स्टेंटची तारीख कुठे पाहायची, तर आजची संध्याकाळ सार्थकी लागली असे मी समजेन.

प्रश्न असतील तर प्रसादानंतर डॉक्टर सभासद इथेच बसणार आहेत, त्यांना अवश्य विचारा.

गणपती बाप्पा मोरया!